वऱ्हाडची मधमाशी

मधमाशीपालन हा शब्द कानावर पडला कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें एक लाकडी पेटी उभी राहते. पेटीला चार पाय, पायांखालीं मुंग्यांसाठीं पाण्याच्या वाट्या, पुढच्या बाजूस माशांना येण्याजाण्यापुरती एक फट, आणि जवळ तोंडावर जाळी ओढून उभा असलेला एखादा कार्यकर्ता. महाबळेश्वराकडे हें चित्र खरें आहे. परंतु अमरावतीस किंवा अकोल्यास ज्यांचें घर आहे आणि घरामागें थोडेंसें परस आहे, त्यांनीं तें क्षणभर बाजूला सारावें हें बरें. त्यांच्या परसांत मधमाशी पुष्कळदां आधींपासूनच राहत असते. तिला कोणी आणलेलें नसतें, तिच्यासाठीं पेटी केलेली नसते, आणि केली तरी ती तींत राहणार नाहीं. लिंबाच्या, मेंदीच्या किंवा डाळिंबाच्या झुडपांत बारीक फांदीला तळहाताएवढें, फार झालें तर ताटलीएवढें एक पोळें लटकलेलें असतें, तें ह्या फुलोरी माशीचें. वऱ्हाडांतल्या मधमाशीचा इतिहास सांगावयाचा तर तो पेटीपासून नव्हे, ह्या फांदीपासून सांगितला पाहिजे, असें मला वाटतें. कारण हा इतिहास मुख्यतः माशी पाळण्याचा नाहींच. तिच्यापासून घ्यावें कसें, आणि घेऊनही तिला जिवंत ठेवावें कसें, हें माणूस किती सावकाश शिकला, त्याचा तो इतिहास आहे.

वऱ्हाडांत मधमाशीच्या चार देशी जाती भेटतात. सर्वांत मोठी ती आग्या. तिचें एकच प्रचंड पोळें उंच सांवरीच्या किंवा वडाच्या फांदीखालीं, कड्याच्या पोटाशीं, जुन्या देवळाच्या शिखराला आणि अलीकडे शहरांतल्या पाण्याच्या टाकीखालीं उघड्यावर लोंबत असतें. वऱ्हाडी मुलाच्या तोंडीं मोहोळाचें 'मोहोय' होतें, आणि 'आग्या मोहोय' हे शब्द उच्चारतांना तें मूल आपोआप आवाज खालीं आणतें. दुसरी सातेरी. ही अंधाराची माशी. झाडाच्या ढोलींत, वारुळांत, दगडांच्या कपारींत ती एकापुढें एक अशीं अनेक पोळीं समांतर बांधते, आणि ह्या सात थरांवरूनच तिला हें नांव पडलें असें सांगतात. तिसरी आपली फुलोरी. आणि चौथी ती जिची नांगी निकामी आहे अशी इवलीशी पोयाची माशी. मातीच्या भिंतीच्या भोकांतून मेणाडिंकाची एक लहानशी नळी बाहेर आलेली दिसली तर तें तिच्या घराचें दार समजावें.

ह्या चौघींपैकीं मधाच्या धंद्यासाठीं पेटींत ठेवण्याजोगी एकटी सातेरी, आणि नेमकी तीच मैदानांत विरळा. तिचें माहेर सातपुड्यांत, मेळघाटच्या सागवानी रानांत. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत, जेथें वैशाखांत पारा ४५ अंशांच्याही पुढें चढतो आणि मैलोगणती सांवली दिसत नाहीं, तेथें मुख्यतः आग्या आणि फुलोरी यांचेंच राज्य. ह्या दोघींना उजेड आणि वारा लागतो; अंधाऱ्या खोक्यांत कोंडल्या तर त्या सरळ निघून जातात. सह्याद्रीसारखा पेटीचा धंदा वऱ्हाडांत कां फोफावला नाहीं, याचें निम्में उत्तर येथेंच मिळतें.

आपल्या पूर्वजांनीं मधाची स्तुति पुष्कळ केली. माशीकडेही त्यांनीं बारकाईनें पाहिलें होतें. सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत: माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. यांतला पुष्कळसा भेद मध करणाऱ्या माशीवरून पाडलेला आहे. लहान माशांचा तो क्षौद्र, हें त्या नांवावरूनच कळतें. छांदोग्य उपनिषदांत आरुणि आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जीवांच्या ऐक्याचें तत्त्व समजावून देतो तें मधमाशीच्या दाखल्यानें: नाना झाडांचे रस एकत्र झाले म्हणजे हा रस अमक्या झाडाचा ही जाणीव उरत नाहीं. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत मध करणारी माशी एक गुरु आहे आणि मध काढून नेणारा माणूसही एक गुरु आहे. एकनाथांनीं ह्याच स्कंधावर मराठींत टीका लिहिली व ती १५७३ सालीं काशीस पुरी केली. तेव्हांपासून माशी आणि तिचा मध लुटणारा हे दोघेही महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचले. माशीपासून थोडें थोडें घेण्याचा धडा घ्यावयाचा, आणि सांठवलेलें दुसराच नेतो हा धडा त्या लुटणाऱ्यापासून. संन्याशाची व गरीब विद्यार्थ्याची भिक्षा, तिला आपण माधुकरी म्हणत आलों. फुलाला इजा न करतां प्रत्येक फुलांतून कणभर घ्यावें, तसें प्रत्येक घरांतून घांसभर घ्यावें, हा त्या शब्दांतला भाव. इतका सुंदर शब्द ज्या समाजानें घडविला, त्या समाजांत प्रत्यक्ष मध मात्र पोळें जाळून, पिल्लें पिळून काढला जात होता. आणि ताटांत मध वाढून घेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं तो कसा आला याची चौकशी केली. पोथींतल्या माशीचें कौतुक होत राहिलें, झाडावरच्या माशीचें झालें नाहीं.

तो आणणारा कोण, हें पाहावयाचें तर सातपुड्यांत शिरावें लागतें. ह्याच डोंगररांगेंत पूर्वेकडे पचमढी आहे. तेथील खडकांच्या आडोशांत जीं प्राचीन चित्रें आहेत, त्यांत मध काढण्याचे प्रसंग आहेत: शिडी, शिडीवर माणूस, समोर पोळें आणि भोंवतीं ठिपक्याठिपक्यांनीं दाखविलेल्या माशा. हीं सर्व चित्रें एका काळचीं नाहींत, परंतु विषय पुन्हां पुन्हां तोच आला आहे. पचमढीच्या महादेव डोंगरापासून बैतुलावरून मेळघाटापर्यंत कोरकू लोकांची वस्ती पसरलेली आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं आणि गोंडीच्याही नाहीं, ती मुंडा कुळांतली आहे. मेळघाटांत मध काढणाऱ्या कोरकू माणसाचे पूर्वज त्या चित्रांतले होते असें मी म्हणणार नाहीं. पण शिडी, धूर आणि अंधार हीं त्याचीं साधनें अगदीं परवांपरवांपर्यंत फारशीं बदललीं नव्हतीं, एवढें खरें.

आग्या मोहोळ रात्रींच काढीत, आणि तेंही अंधाऱ्या पक्षांत. यांत अंधश्रद्धा मुळींच नव्हती. आग्या माशी चांदण्यांतही उडूं शकते, त्यामुळें पौर्णिमेची रात्र म्हणजे प्राणाशीं गांठ. गवताचा व ओल्या पाल्याचा पलिता पेटवून पोळ्याखालीं धरावयाचा. ठिणग्या खालीं पडूं लागल्या कीं माशा त्यांच्या मागें झेपावतात, आणि तेवढ्या अवधींत वर चढलेला माणूस पोळें कापून टोपलींत घेतो. मध, मेण, अंडीं, अळ्या सारेंच एका टोपलींत; मग तें हातानें पिळावयाचें. हा मध गढूळ असतो, लवकर आंबतो. खालीं माशांचा खच पडतो. ह्या माशांच्या क्रोधाचा अनुभव सरकारी कामगारांनाही आला होता. जबलपुराजवळ भेडाघाटास नर्मदेच्या संगमरवरी कड्यांवर हींच मोहोळें असतात. रेल्वेच्या मोजणीवर असलेला एक इंग्रज इंजिनिअर त्यांच्या हल्ल्यांतून सुटण्यासाठीं नदींत उतरला आणि बुडून मेला. कॅप्टन फोरसाइथनें १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या पुस्तकांत ही हकिगत दिली आहे.

पोळें समूळ कापून नेणाऱ्यास क्रूर म्हणणें सोपें आहे. पण तो तसें कां करी, हें पाहिलें पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत वनोपजाची व्याख्या आहे. तींत रानटी जनावरें, कातडीं, सुळे, शिंगें, हाडें, रेशीम आणि कोशेटे यांच्याच ओळींत मध आणि मेण बसविलें आहे. राखीव रानांतला मध हा असा सरकारी माल ठरला. तो काढावयाचा तर परवाना, विकावयाचा तर ठेकेदार. ज्याचा झाडावर हक्क नाहीं, ज्याला पुढच्या वर्षीं तें झाड आपल्याला मिळेल याची खात्री नाहीं, तो माणूस अर्धें पोळें माशांसाठीं सोडून खालीं कां उतरेल? तो उतरला तर दुसऱ्या रात्रीं दुसरा चढेल. आग्या माशी वर्षांतून ऋतूप्रमाणें स्थलांतर करते आणि पुष्कळदां त्याच झाडावर परत येते. कांहीं वसाहतींत तीच राणी त्याच जागीं परतल्याचें जनुकीय तपासणीनें सिद्ध झालें आहे. म्हणजे झाडाशीं माशीचें नातें वर्षानुवर्षांचें, आणि त्या झाडाखालीं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचें नातें मात्र कायद्यानें एका रात्रीपुरतें करून ठेवलेलें! माशांच्या नाशाला पलित्याइतकाच हा कागदही कारण झाला, असें माझें मत आहे.

आतां पेटीकडे वळूं. लँगस्ट्रॉथ नांवाच्या अमेरिकन पाद्र्यानें १८५१ सालीं एक साधी गोष्ट हेरली. दोन पोळ्यांत किंवा पोळें व भिंत यांत सुमारें पाऊण-एक सेंटिमीटर अंतर असलें तर माशी तें येण्याजाण्यासाठीं मोकळें ठेवते. जास्त असलें तर तेथें पोळें बांधते, कमी असलें तर तें डिंकानें बुजवून टाकते. एवढ्या निरीक्षणावर सुट्या चौकटींची पेटी उभी राहिली. चौकट उचलावी, पाहावी, परत ठेवावी. माशी चिरडत नाहीं, पोळें तुटत नाहीं. पुढें १८६५ सालीं रुश्का यानें चौकट गरगर फिरवून मध बाहेर फेकणारें यंत्र काढलें, आणि रिकामें पोळें जसेंच्या तसें माशांना परत देतां येऊं लागलें. मेणाचें पोळें नव्यानें बांधण्यास माशीला पुष्कळ मध खावा लागतो. तो खर्च वांचला. हिंदुस्थानांत डग्लस याचें मधमाशीपालनावरचें पुस्तक १८८४ मध्यें निघालें. परंतु विलायती मापाची पेटी सातेरीला सैल होते. तिच्या मापाची लहान, स्वस्त पेटी दक्षिणेंत तमिळ प्रदेशांत पाद्री न्यूटन यांनीं १९१० च्या सुमारास तयार केली, आणि ती त्यांच्याच नांवानें देशभर गेली.

वऱ्हाडाच्या दाराशीं ही विद्या आली ती वर्ध्याच्या वाटेनें. त्या वेळीं वर्धा आणि वऱ्हाड एकाच प्रांतांत, मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या नांवाखालीं होते. १९३४ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा चिटणीस, आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत, मगनवाडींत, संघाचें ठाणें. तेलघाणी, हातकागद, गूळ, चक्की यांच्या जोडीला मधमाशीपालन हाही एक उद्योग तेथें शिकविला जाऊं लागला. गांधीजींच्या मंडळींत मध रोजच्या आहारांतला. तेव्हां तो हिंसेवांचून मिळाला पाहिजे हा प्रश्न त्यांना टाळतां येण्याजोगा नव्हताच. माधुकरीच्या शब्दांत जें शतकानुशतकें नुसतें बोललें जात होतें, तें चौकटीनें आणि फिरत्या यंत्रानें प्रथमच हातीं आलें, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

यापुढची हकिगत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतो. १९४६ सालीं मुंबई सरकारच्या ग्रामोद्योग खात्यानें महाबळेश्वरास काम सुरू केलें. सह्याद्रीच्या जांभूळ-हिरड्याच्या रानांत सातेरी रमली. खादी व ग्रामोद्योग आयोगानें १९६२ मध्यें पुण्यास मध्यवर्ती मधमाशी संशोधन संस्था काढली. त्याच वर्षाच्या सुमारास पंजाबच्या डोंगराळ भागांत, नगरोटा येथें, युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणें रुजविण्यांत आली. सातेरीच्या पेटीला वर्षाकाठीं चार-सहा किलो मध मिळाला तर पुरे. मेलिफेरा त्याच्या कितीतरी पट देते. म्हणून व्यापारी मंडळी तिच्याकडे वळली. १९९१-९२ मध्यें थाई सॅकब्रूड नांवाचा विषाणुजन्य रोग दक्षिण भारतांत पसरला आणि सातेरीच्या पेट्या हजारोंनीं ओस पडल्या. एका जातीच्या, एका पद्धतीच्या भरंवशावर सारा उद्योग उभा करण्यांत काय धोका असतो, तें तेव्हां दिसलें.

वऱ्हाडानें या साऱ्यांतून काय घेतलें? मैदानांत पेटी तग धरीना. उन्हाळ्यांत फुलांची तूट पडे, सातेरी घर सोडून जाई; मेलिफेराला साखरेचा पाक पाजून जगवावें लागे आणि तिच्या पेट्या फुलांमागें गांवोगांव हलवाव्या लागत. तेव्हां पेटीच्या मागें न लागतां, जी माशी येथें आहे तिच्याकडूनच सभ्यपणें मध कसा घ्यावा असा विचार पुढें आला. हा विचार पुन्हां वर्ध्यासच झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तेथील मधमाशी विकास केंद्रानें आणि डॉ. गोपाळ पालीवाल यांनीं आग्या मोहोळाचा मध काढण्याची एक वेगळी रीत आदिवासी मधपाळांना शिकविली. आग्या पोळ्याची रचना नीट पाहिली तर मध पोळ्याच्या वरच्या बाजूस, फांदीलगत, एका जाड गड्ड्यांत सांठविलेला असतो. अंडीं, अळ्या व पराग खालच्या पातळ भागांत. अंगभर पोशाख व जाळी घालून, भर दिवसां, थोड्या धुरानें माशा बाजूला सारावयाच्या, मधाचा तेवढा गड्डा कापून घ्यावयाचा आणि पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवावयाचा. माशा पिल्लांना सोडून जात नाहींत. त्या तो गड्डा पुन्हां बांधतात, आणि फुलें असतील तर त्याच हंगामांत त्याच पोळ्यांतून दुसऱ्यांदा मध मिळतो. मध स्वच्छ, माशा जिवंत, आणि रात्रीं अंधारांत झाडावरून पडून मरण्याचें माणसाचें भयही गेलें. ह्या रीतींत नवें यंत्र जवळजवळ नाहीं. जें आहे तें पोळ्याच्या कोणत्या भागांत काय असतें याचें ज्ञान. लुटणाऱ्यानें हजारो वर्षें पोळें कापलें, पण तें नीट पाहिलें नव्हतें. रात्रीं पलित्याच्या उजेडांत तें दिसणार तरी कसें?

कायद्यानेंही याच सुमारास दिशा बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क रानांत राहणाऱ्यांस दिला, आणि त्या वनोपजाच्या यादींत मध व मेण हीं नांवें स्पष्ट लिहिलीं आहेत. १९२७ च्या व्याख्येशेजारीं ही व्याख्या ठेवून वाचावी. आज राखून ठेवलेला पिल्लांचा भाग उद्यां आपल्याच कामीं येईल असें म्हणावयास माणसाला आतां आधार आहे. तो आधार प्रत्येक पाड्यापर्यंत पोंचला आहे असें नाहीं. दावे मंजूर होण्यास वर्षें लागतात, आणि १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्पाची योजना निघाली तेव्हां पहिल्या नऊ रानांत मेळघाटाचा समावेश झाल्यामुळें तेथें रानांत शिरण्याचे निर्बंध निराळेच आहेत. तरीही वारें फिरलें आहे. २०२२ मध्यें महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें देशांतलें पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, आणि त्या योजनेंत पुढें चिखलदरा तालुक्यांतील आमझरी ह्या गांवाची निवड झाली. चिखलदऱ्यास थंड हवेसाठीं जाणाऱ्या अमरावतीकरांनीं भीमकुंड व गाविलगड पाहून झाल्यावर तिकडेही वाट वांकडी करावी.

डोंगरावर असें असतांना खालच्या मैदानांत काय झालें? वऱ्हाड म्हणजे कपाशी. कपाशीचें फूल बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून शेतकरी माशीची फारशी पर्वा करीत नसे. पण माशी कपाशीला विसरलेली नाहीं. कपाशीला फुलाबाहेरही रस येतो: पानाच्या पाठीवरील मधल्या शिरेवर आणि बोंडाभोंवतींच्या पाकळ्यांसारख्या तीन पानांच्या बुडाशीं लहान ग्रंथि असतात. सकाळीं शेतांत उभें राहून पाहावें. माशी फुलांत न शिरतां बाहेरूनच रस टिपून जाते. फुलांत शिरली तर अंग पिवळ्याफिकट परागानें माखून बाहेर येते आणि तो पराग झटकून टाकते, कारण कपाशीचा पराग मोठा व कांटेरी असल्यामुळें त्याची गोळी पायांवर बसत नाहीं. आणि कपाशी हें वऱ्हाडांतलें एकच पीक थोडेंच आहे? सूर्यफूल, करडई, जवस, तीळ, भोपळे-दोडके, वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा आंबिया बहार, सर्वत्र माशी फिरते. बियाण्यासाठीं लावलेल्या कांद्याचें तर तिच्यावांचून चालतच नाहीं, कारण त्या फुलांतील पराग आधीं झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. दुसऱ्या फुलांतून कोणीतरी पराग आणून दिला पाहिजे.

ह्या माशीवर गेल्या पन्नास वर्षांत विषाचा पाऊस पडला. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाल्यावर बोंडअळीवरची फवारणी प्रथम कमी झाली हें मान्य केलें पाहिजे. पण तुडतुडे, पांढरी माशी यांसाठीं फवारणी चालू राहिली आणि पुढें गुलाबी बोंडअळीही परतली. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेंकडों आजारी पडले. पाठीवर पंप घेतलेल्या धडधाकट माणसाची जेथें ही दशा झाली, तेथें त्याच झाडाच्या पानामागें रस पीत असलेल्या माशीची मोजदाद कोण करणार? धुऱ्यावरचीं बाभळी-बोरींचीं झाडें तुटलीं, तेंही तिला भोंवलें. फवारणी होई तेव्हां आसऱ्याला तीच जागा होती. अकोल्यास १९६९ पासून पंजाबराव देशमुखांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ आहे आणि फुलोऱ्याच्या वेळीं फवारणी टाळावी, करणेंच भाग पडलें तर माशा घरीं परतल्यावर सायंकाळीं करावी, हा कृषिशास्त्राचा सल्ला कांहीं नवा नाहीं. मजूर मात्र सकाळींच मिळतो. ही अडचण शेतकऱ्याच्या अज्ञानाची नव्हे, रोजंदारीच्या वेळापत्रकाची आहे, आणि तिला नुसत्या उपदेशाचा उपाय चालत नाहीं.

शहरांतल्या परसांत हें विष कमी. म्हणूनच कीं काय, शेतांतून हुसकलेली फुलोरी आज अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत कुंपणाकुंपणांतून भेटते. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं तिचें पोळें असेल त्यांनीं मधाची आशा धरूं नये. पाव-अर्धा किलोपलीकडे तें क्वचितच देतें, आणि त्यासाठीं सबंध घर मोडावें लागतें. तिचें पोळें हें पाहण्यासाठीं आहे. चार हात दूर, उन्हाच्या वाटेंत न येतां खुर्ची टाकून बसावें. ती सहसा चावत नाहीं. प्रथम फांदी पाहावी. पोळ्याच्या दोन्ही बाजूंस फांदीवर झाडाच्या चिकाचीं दोन चकचकीत कडीं दिसतील. मुंग्यांसाठीं पेटीच्या पायांखालीं आपण पाण्याच्या वाट्या ठेवतों. फुलोरीची ही सोय त्याहून पुष्कळ जुनी आहे. मुंगी कड्यापर्यंत येते, मिशा लावून पाहते आणि माघारी फिरते. मग पोळ्याचा पडदा पाहावा. जें काळें-तांबूस कापड लटकल्यासारखें दिसतें तें कापड नव्हे, एकमेकींना धरून बसलेल्या माशांचे थर आहेत. खरें मेण त्यांच्या आड आहे. वारा आला कीं हा पडदा शहारतो.

सर्वांत मौजेची जागा पोळ्याचा माथा. फुलोरीचें पोळें फांदीला वेढून वर सपाट होतें, आणि ह्या ओट्यावर बाहेरून आलेली माशी नाचते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडली. त्यासाठीं त्यांना १९७३ मध्यें नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. युरोपीय माशी अंधाऱ्या पेटींत उभ्या पोळ्यावर नाचते, तेव्हां तिला सूर्य दिसत नाहीं. म्हणून ती सरळ वरची दिशा सूर्याची मानून तिच्याशीं कोन करून फुलांची दिशा दाखविते. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५५ च्या सुमारास सिलोनास आले, आणि त्यांना आपल्या फुलोरींत ह्याच भाषेचें साधें रूप सांपडलें. ती सपाट ओट्यावर, उघड्या आकाशाखालीं नाचते. तेव्हां तिला भाषांतर करण्याची गरजच नसते. फुलें जिकडे असतील तिकडेच तोंड करून ती पोट हलवीत धांवते. हलण्याचा वेळ जितका जास्त, तितकीं फुलें दूर. घरच्या मुलांना चैत्रांत, कडुनिंब मोहरला असतांना, हें दाखवावें. माशी ज्या रेषेंत धांवली त्या रेषेंत बोट धरून गल्लींत चालत गेलें तर पुष्कळदां पुढचें फुललेलें झाड भेटतें.

उन्हाळा कडक झाला, झुडपाची पानें गळून पोळें उन्हांत आलें, किंवा भोंवतालीं फुलें उरलीं नाहींत, म्हणजे एखाद्या दिवशीं फुलोरी निघून जाते. पोळें रिकामें दिसलें कीं घरची मोलकरीण किंवा माळी तें तोडून टाकण्यास धांवतो. त्याला थांबवावें. नवें घर शे-दोनशे पावलांच्या आंत बांधलें असेल तर माशा जुन्या घरावर परत येतात, मध नेतात, आणि तो संपल्यावर मेणही कुरतडून मागल्या पायांवर त्याच्या पांढुरक्या गोळ्या लावून घेऊन जातात, एरवीं जेथें पराग असतो तेथें. सकाळच्या वेळीं हें येणेंजाणें दिसतें. ओस पोळें कडेनें विरळ होत जातें, आणि होतां होतां फांदीवर चिकाचीं तीं दोन कडीं तेवढीं उरतात.